ग्रीगचा 'होल्बर्ग' मुळात पियानोचा, मग तो पियानोवर कुणी ऐकतं का?

काळीपांढरी
मार्चपासून एकाच रचनेच्या मागे लागले आहे आणि घरात बोलायला कुणी नाही, म्हणून हा धागा.

पियानो मी पस्तिशीनंतर शिकायला घेतला, आता आठवं वर्ष. बाईंनी यंदा नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याचा होल्बर्ग स्वीट, म्हणजे नाचांच्या तुकड्यांची माळ, काढला. पूर्ण नाव 'होल्बर्गच्या काळातून', आणि त्याखाली 'जुन्या ढंगातला स्वीट'. ओपस (रचनाक्रमांक) ४०, साल १८८४. नाटककार लुडविग होल्बर्ग १६८४ साली नॉर्वेत बर्गनला जन्मला, ग्रीगही बर्गनचाच. गावकऱ्याची द्विशताब्दी आली तेव्हा त्याने होल्बर्गच्या तरुणपणी जे नाच वाजत असतील त्यांच्या साच्यात पाच तुकडे लिहिले : प्रेल्यूड, साराबांद, गाव्होत, एअर आणि रिगोदाँ. सगळे जी मेजरमध्ये, फक्त एअर जी मायनरमध्ये. डिसेंबर १८८४ मध्ये बर्गनलाच त्याने ते स्वतः पियानोवर वाजवले. तंतुवाद्यांसाठीचं रूप त्यानंतर, १८८५ चं.

आणि आता दुखणं. कुणालाही सांगितलं की मी होल्बर्ग वाजवतेय, की समोरून स्ट्रिंग ऑर्केस्ट्राची लिंक येते. "हे ऐक, खरं हे आहे." जाणकार मंडळींकडूनसुद्धा! पियानोचं रूप म्हणजे काय कच्चा खर्डा आहे का? मला तसं मुळीच वाटत नाही, पण का वाटत नाही ते नीट सांगता येत नाही. तुम्ही दोन्ही ऐकलं असेल तर मनापासून सांगा. शिवाय वाजवणाऱ्यांना एक प्रश्न : साराबांदला पेडल (सूर लांबवायची पायाखालची पट्टी) किती वापरता?

नुसता_श्रोता
शीर्षक न वाचता आत 'स्वीट' दिसलं म्हणून मिठाईच्या धाग्यावर आलो असं वाटलं. आता प्रेल्यूड सलग तीनदा ऐकून झालंय. सावकाश लिहितो.

व्हायोलावाली
काळीपांढरी, रागावू नका, पण मी त्या लिंक पाठवणाऱ्यांतली आहे.

कॉलेजात असताना आमच्या स्ट्रिंग ग्रुपने हा पूर्ण बसवला होता. एअर घ्या. पियानोवर सूर वाजवला की त्या क्षणापासून तो विझायला लागतो, तुम्ही काहीही करा. त्या तुकड्याला लांबच लांब, दाटत जाणारा सूर हवा, आणि तो गजानेच मिळतो. मधे चेलोंकडे चाल येते तेव्हा मी व्हायोलाच्या रांगेत बसून खालचे स्वर धरत होते, आणि समोरच्या चेलोवाल्याचा श्वास ऐकू येत होता. आणि रिगोदाँ? एक व्हायोलिन, एक व्हायोला पुढे पळतायत आणि बाकी सगळे बोटांनी तारा छेडतायत. व्हायोलाला असा मान फार क्वचित मिळतो हो!

ग्रीगने स्वतःच काही महिन्यांत तंतुवाद्यांवर नेलं, म्हणजे त्यालाही काहीतरी कमी वाटलं असणार.

अर्धीमात्रा
@व्हायोलावाली, शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य.

दोन्ही छापील प्रती शेजारी ठेवून प्रेल्यूडची पहिली ओळ बघा. पियानोत एकसारखे सोळांशाचे स्वर आहेत, आणि ते दोन हातांत वाटलेले. डावा टाकतो, उजवा उचलतो, परत डावा. खळखळ कुठे तुटत नाही. व्हायोलिनच्या रांगेला हे जसंच्या तसं देता आलं नसतं, म्हणून ग्रीगने चालच बदलली : एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. घोडदौड. लोकांच्या डोक्यात होल्बर्ग म्हणून जे बसलंय ती ही घोडदौड, आणि ती पियानोच्या प्रतीत नाहीच.

म्हणजे कमी होतं म्हणून भर घातली असं नाही. वाद्य बदललं म्हणून विचार बदलला. पियानोचं रूप पियानोच्या बोटांतून सुचलेलं आहे. मला ते ओढ्यासारखं वाटतं, दुसरं टापांसारखं. दोन वेगळ्या गोष्टी.

काळीपांढरी
अर्धीमात्रा, हेच! मला हेच सांगता येत नव्हतं. स्ट्रिंगची लिंक ऐकून मी बाईंना विचारलं होतं की मी ताल चुकीचा वाजवतेय का. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, पुस्तक बघ.

खरंखोटं
जरा उलटं बोलतो. दोन्ही रूपं बाजूला ठेवली तरी मला मूळ कल्पनाच पटत नाही. १८८४ साली बसून १७०० सालचं लिहायचं कशाला? बाख आणि हँडल दोघंही १६८५ चे, होल्बर्गच्या पुढच्याच वर्षी जन्मलेले. त्यांचे स्वीट आहेत की. खरा माल बाजारात असताना नक्कल का घ्यावी? आणि ती नक्कलही धड नाही. एअरमधली ती दाटलेली हार्मनी अठराव्या शतकातल्या माणसाच्या कानाला परकी वाटली असती.

नुसता_श्रोता
@खरंखोटं, मला नोटेशन वाचता येत नाही, त्यामुळे कानाने जे कळलं तेवढंच.

माझ्या मुलीने लग्नात माझ्या आईची ठुशी घातली. आईच्या लग्नातली, १९५८ ची. मुलीने केस मोकळे सोडले होते, ब्लाउज आजच्या फॅशनचा, पायात सपाट चपला. ठुशी मात्र तीच. ती आजी व्हायला बघत होती का? नाही. तिला आजीचं काहीतरी अंगावर हवं होतं आणि बाकी सगळी ती स्वतः होती. आई खुर्चीत बसून बघत होती, सारखी म्हणत होती, बघ कशी दिसतेय, बघ कशी दिसतेय.

मला ग्रीगचं एअर असं ऐकू आलं. ठेवण जुनी, गळा आजचा. नक्कल करणारा माणूस आपला गळा लपवतो. इथे तर तो दुसऱ्या मिनिटालाच ओळखू येतो.

तरफेची_तार
श्रोता, वा! सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलंत.

मी सतारीवाला, त्यामुळे माझा कान वेगळीकडे गेला. गाव्होतच्या मधे म्युझेत नावाचा भाग आहे. म्युझेत म्हणजे फ्रान्समधली पिशवीची पुंगी, तिला एक अखंड धरलेला सूर असतो. ग्रीगने तो डाव्या हातात धरून ठेवलाय, आणि वर चाल खेळते. आपल्या कानाला हे शिकवावं लागत नाही, जन्मापासून तानपुरा आणि सनईचा सूर ऐकलाय. माझ्या एका विद्यार्थ्याला पाचही भाग ऐकवले. म्युझेत आल्यावर तो म्हणाला, "सर, आता बरं वाटलं, सा मिळाला."

आणि नॉर्वेत हार्डांगर फिडल म्हणून वाद्य आहे. वर चार तारा, आणि त्यांच्याखाली चार किंवा पाच तारा ज्यांना गज लागतच नाही, त्या आपोआप झंकारतात. म्हणजे आमच्या तरफा! रिगोदाँ तर सरळ हार्डांगर फिडलच आहे, म्हणजे ग्रीगने फ्रेंच टोपीखाली नॉर्वे लपवलाय.

बर्गनवासी
नमस्कार. बारा वर्षं बर्गनला आहे, मूळ सांगलीची. धागा दिसल्यावर राहवलं नाही.

तरफेची_तार, वाद्याबद्दल अगदी बरोबर. बोटपट्टीवर शिंपल्याचं जडावकाम असतं, बघत राहावं असं. पण 'सरळ हार्डांगर फिडल' इतकं पुढे मी जाणार नाही. रिगोदाँ हा प्रोव्हान्सकडचा नाच, दक्षिण फ्रान्सचा. ग्रीगच्या लिहिण्यात गावच्या फिडलचा वास येतो हे खरं, इथल्या लोकांनाही येतो, पण तो आपल्या कानाचा अनुभव म्हणून सांगावा. तरफांच्या वाद्याचं थेट काम हवं असेल तर ओपस ७२ ऐका. फिडलवर वाजणारे गावचे नाच योहान हाल्वोर्सेनने एका वादकाकडून ऐकून उतरवून घेतले, आणि ग्रीगने ते पियानोवर आणले, १९०२-०३ च्या सुमारास. तिथे त्याने कानाला टोचणारे स्वर तसेच ठेवले आहेत. होल्बर्गमधला सभ्यपणा तिथे नाही.

आता पुतळ्याबद्दल. होल्बर्गचा पुतळा मासळीबाजाराजवळ आहे, माझ्या बसस्टॉपपासून पाच मिनिटांवर. ३ डिसेंबर १८८४ ला तो उभारला. त्या समारंभासाठी ग्रीगकडे खरं काम होतं ते वेगळं, पुरुषांच्या कोरसचा कँटाटा, वाद्यांशिवाय, उघड्यावर गायचा. डिसेंबरात, बर्गनमध्ये! आधीच एका मित्राला लिहिलेल्या पत्रात ग्रीगने ते चित्र रंगवलंय : बर्फ, गारा, वादळ, उघड्या तोंडांत पाऊस पडतोय असे गायक, आणि आपण छत्री नि रबरी बूट घालून समोर उभे. विद्यार्थी असताना लाइपझिगला फुप्फुसाच्या दुखण्याने त्याची एक बाजू कायमची गेली होती, त्यामुळे थंडीची भीती ही नुसती तक्रार नव्हती. तो कँटाटा आज क्वचितच ऐकू येतो. आणि त्याच वर्षी आपल्या हाताने वाजवायला म्हणून लिहिलेला स्वीट जगभर गेला.

दोन_ओळी
ट्रोल्डहाउगेनला, ग्रीगच्या बर्गनजवळच्या घरी, तळ्याकाठची ती लाल झोपडी पाहिली आहे, जिथे बसून त्याने हे लिहिलं. अंगावर काटा आला होता.

बर्गनवासी
@दोन_ओळी, काटा येतोच, मलाही दर वेळी येतो. पण होल्बर्ग तिथला नाही. ट्रोल्डहाउगेनच्या घरात ग्रीग आणि त्याची बायको नीना राहायला गेले १८८५ मध्ये, आणि ती झोपडी १८९१ ची. पाहुणे आले की मी त्यांना खुर्चीवरचं जाड पुस्तक दाखवते. ग्रीग जेमतेम पाच फुटांचा, पियानोशी बसायला उंची पुरायची नाही, म्हणून बेटहोव्हेनच्या सोनाटांचं पुस्तक खाली घ्यायचा.

जुनी_रंगभूमी
संगीतातलं फार कळत नाही, पण होल्बर्गचं नाव वाचून थांबलो. हा माणूस आपल्या नाटकवाल्यांना ठाऊक असायला हवा. १७२२ मध्ये कोपनहेगनला डॅनिश भाषेतलं नाटकगृह सुरू झालं आणि त्याने विनोदी नाटकांचा सपाटाच लावला. तोवर तिथे शहाण्यांची भाषा लॅटिन, दरबारची जर्मन आणि फ्रेंच. लोकांच्या बोलीत लोकांना हसवणारं नाटक त्याने उभं केलं. त्याचा येप्पे नावाचा दारुडा शेतकरी उमरावाच्या पलंगावर जागा होतो आणि त्याला वाटतं आपण मेलो, स्वर्गात आलो. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाखाली होता, १८१४ पर्यंत, त्यामुळे दोन्ही देश त्याला आपला म्हणतात.

अवांतर : बर्गनवासी सांगलीच्या आहेत म्हणून सांगतो. विष्णुदास भाव्यांचं सीता स्वयंवर सांगलीला झालं ५ नोव्हेंबर १८४३ ला. आणि ग्रीगचा जन्म जून १८४३ चा. संबंध काही नाही, पण मला फार आनंद झाला.

बर्गनवासी
मलाही! आजच ऑफिसात सांगते सगळ्यांना.

मांडवीकाठ
गोव्याहून. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून पॅरिशच्या (चर्चच्या) शाळांत सोल्फा, म्हणजे स्वरांची नावं घेऊन गाणं, आणि व्हायोलिन शिकवत आलेत, त्यामुळे हे नाचांचे साचे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोटांत असतात. माझे मामा साराबांद शिकवताना एकच गोष्ट सांगायचे : तीन मात्रा आहेत, पण पाय दुसरीवर टेकव. पहिलीवर नाही. पहिली दार उघडते, दुसरी आत येते.

गंमत अशी की हाच साराबांद मुळात स्पेनमध्ये इतका चावट समजला जायचा की १५८३ साली त्यावर बंदी आणली होती. फ्रान्सच्या दरबारात गेला आणि संथ, गंभीर झाला. ग्रीगकडे पोचेपर्यंत तर प्रार्थनाच झाली त्याची.

काळीपांढरी, पेडलचं उत्तर कुणी दिलंच नाही तुम्हाला. मी वाजवतो, म्हणून सांगतो. ज्या वाद्यासाठी हे नाच मूळ लिहिले जायचे त्या हार्पसिकॉर्डला, म्हणजे पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्याला, असं पेडल नव्हतं. पण ग्रीग पियानोसाठी लिहीत होता, त्यामुळे पेडल वर्ज्य नाही. साराबांदमध्ये मी दर स्वरमेळाला पाय बदलतो आणि पूर्ण दाबत नाही, अर्ध्यावर ठेवतो. आधी आठवडाभर पेडलशिवाय वाजवा. बोटांनी जेवढं जोडता येतं तेवढं जोडा. जिथे बोट पोचतच नाही तिथेच पाय.

आणि पियानो पुण्यात आहे ना? आता जुलै. पट्ट्या अडकतात का?

काळीपांढरी
मांडवीकाठ, तुम्हाला कसं कळलं! गेल्या आठवड्यापासून मधल्या सप्तकातला 'ए' दाबला की वर येत नाही. नखाने उचलावा लागतो. प्रेल्यूडची ती खळखळ चालली असते आणि मधेच एक दात पडल्यासारखी फट. ट्यूनरना फोन केला, ते गणपतीनंतर येतो म्हणाले.

मांडवीकाठ
आमच्या घरात १९३० च्या आसपासचा उभा पियानो आहे आणि तो अजून वाजतो, कारण पावसाळ्यात त्याच्या पोटात दिवा असतो. खालची फळी काढा, तळाला झिरोचा बल्ब लावा, लाकडाला आणि फेल्टला चिकटणार नाही असा. रात्रंदिवस चालू. मात्र जुना, तारेचा बल्ब हवा. एलईडी तापत नाही, त्याचा काही उपयोग नाही. 'झिरो' म्हणतात खरं, पण तो दहापंधरा वॅट खातो आणि तेवढी ऊब पुरते. वायरचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

बर्गनवासी
बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे साधारण मुंबईइतकाच. फक्त तो बारा महिन्यांत वाटून पडतो. इथली हीटरवाली घरं आतून इतकी कोरडी पडतात की पियानोला उलट ओलावा द्यावा लागतो. ग्रीगचा १८९२ चा स्टाइनवे ट्रोल्डहाउगेनला आहे, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची भेट, आणि अजून वाजतो.

खरंखोटं
दोन दिवस गप्प होतो, कारण ऐकत होतो. श्रोतासाहेबांच्या ठुशीने माझी झोप उडवली.

मी सुचवल्याप्रमाणे आधी बाखचा एक स्वीट ऐकला, मग पियानोवरचा होल्बर्ग. बाख माझ्यासाठी वरच राहणार, त्यात बदल नाही. पण एक मान्य करतो. मी नक्कल म्हणत होतो ती मुख्यतः स्ट्रिंगचं रूप ऐकून. तिथे सगळं इतकं तुकतुकीत आहे की पोशाखी वाटतं. पियानोवर एकटा माणूस जुन्या नाचाशी बोलतोय हे कळतं. ग्रीगने स्वतः याला टोपाच्या केसांची, म्हणजे विगची, रचना म्हटलं होतं असं वाचलं. त्यामुळे तो फसवत नव्हता, टोप घातलाय हे सांगूनच घातला होता.

एअरमधल्या हार्मनीबद्दलचं म्हणणं तसंच आहे. अठराव्या शतकाला ती परकीच. फक्त आता तो मला दोष वाटत नाही.

व्हायोलावाली
मी माघार घेणार नाही, एअर गजाचंच. पण काल रात्री आयनार स्टेन-न्योक्लेबर्गने वाजवलेलं पियानोचं प्रेल्यूड ऐकलं, आणि घोडा नसलेलं प्रेल्यूड आवडलं. प्रत शोधून ठेवली आहे. अर्धीमात्रा, तुमच्यामुळे.

अर्धीमात्रा
एव्हा क्नार्दालचंही ऐका, तिनेही ग्रीगची सगळी पियानो रचना ध्वनिमुद्रित केली आहे.

काळीपांढरी, प्रेल्यूडसाठी एक : सुटे स्वर वाजवायच्या आधी प्रत्येक गटाचे सगळे स्वर एकत्र दाबून, नुसते स्वरमेळ म्हणून, आख्खा तुकडा वाजवून बघा. हाताला जागा पाठ होते. मग ते फोडा. मनगट सैल, कोपर आपोआप जाऊ द्या. वेग शेवटी.

काळीपांढरी
तीन आठवड्यांनी येतेय.

तपकीर गल्लीत तीन दुकानं हिंडले. प्रत्येक जण एलईडी पुढे करत होता. शेवटी एका आजोबांनी आतून धूळ बसलेला डबा काढला, पिवळा झिरोचा बल्ब, दोनच उरले होते. "देवघरासाठी का?" म्हणाले. मी म्हटलं, पियानोसाठी. त्यांनी दोन्ही दिले आणि पैसे एकाचेच घेतले.

इलेक्ट्रिशियनने लावून दिला. चौथ्या दिवशी 'ए' आपला आपण वर आला. रात्री दिवे घालवले की पियानोच्या खालच्या फटीतून पिवळी रेघ दिसते.

मांडवीकाठ, आठवडाभर पेडलशिवाय साराबांद वाजवला. पहिले तीन दिवस नुसता कोरडा, वैताग आला. मग एका सकाळी दुसऱ्या मात्रेवर हात आपोआप जड झाला आणि मामांचं 'आत येते' म्हणजे काय ते बोटाला कळलं. आता पाय जेमतेम पाच-सहा ठिकाणी लागतो. बाईंना ऐकवला. त्यांनी शेवटचा स्वरमेळ संपेपर्यंत काही म्हटलं नाही, मग म्हणाल्या, "आता एअर काढ."

तर एअर. वर चाल, खाली सारखे धडधडणारे स्वरमेळ. ते मोठे होतायत, चाल बुडतेय. काय करू?

मांडवीकाठ
पट्टी पूर्ण वर येऊ देऊ नका. अर्ध्यावरून परत दाबा, बोट पट्टीवरून उचलूच नका. आणि चाल एकदा गाऊन बघा, मोठ्याने.

व्हायोलावाली
गाताना श्वास कुठे घेता तेही प्रतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. गज तिथेच बदलतो आम्ही.